पंचवीस तासांचा दिवस

जर्सी सिटीला लेकीकडे येऊन टेकलो त्या आठवड्यात तिच्या ओळखीचं जे कोणी भेटायला आलं, त्यानं चहाचा कप उचलायच्या आत एकच विचारलं. "काका, बोटीनं आलात म्हणे? सात दिवस? मग दिवसभर करत काय होतात?" स्वर असा, की आम्ही साउदॅम्प्टनहून नाही, येरवड्याहून सुटून आलो आहोत. ही मंडळी जर्नल स्क्वेअरच्या स्टेशनात पाथ गाडीचं दार मिटायच्या आत घुसायचं म्हणून जिने धावत उतरणारी. लंडनहून विमान आठ तासांत इकडे आणून टाकतं आणि तेवढ्यातही ती कंटाळतात. खरं उत्तर असं होतं, की आम्हाला बोटीवर सवडच मिळाली नाही.

'क्वीन मेरी २' ही बोट २००४ पासून अटलांटिकवर ये-जा करते. लांबी ३४५ मीटर. बंदराबंदराला थांबत सहली घडवणाऱ्या क्रूझ बोटींपेक्षा हिची जात वेगळी. हा एक महासागर ओलांडण्यासाठीच तिचा सांगाडा दणकट आणि नाक लांब, धारदार केलेलं आहे. १९५८ साली लंडन–न्यूयॉर्क जेट विमानं सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत या मार्गावरच्या बोटी एकेक करून बसल्या. आज या मार्गावर नियमित धावणारी ही एकच. सात रात्रींच्या वाटेत एकही बंदर नाही. सहा दिवस चहूकडे फक्त पाणी.

एवढं पाणी बघून माणूस बावरेल, निदान गप्प तरी बसेल, अशी माझी समजूत. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं कोकणात जायचो तेव्हा समुद्र म्हणजे बोट लागणे. सतरंजी टाकून जागा धरायची, लिंबू हुंगत आडवं व्हायचं आणि रत्नागिरी येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. इथं बोट लागायची वाट बघत आम्ही आल्याच्या वड्या घेऊन बसलो होतो. पण पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखी पाती बाहेर काढून ही बोट स्वतःला सावरते. वाऱ्याच्या दिवशीही कपातला चहा नुसता एका बाजूला कलायचा. वड्या चौथ्या दिवशी पत्ते खेळताना संपल्या.

रोज संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका येऊन पडे. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकही तास मोकळा नाही. व्यायाम, ब्रिजचे धडे, जलरंग, विणकाम करणाऱ्यांचा कट्टा, खगोलशास्त्रावर व्याख्यान, दारूच्या गुत्त्यात सामान्यज्ञानाची स्पर्धा, तलवारबाजी. आमची ही पेन्सिल घेऊन खुणा करत बसायची आणि म्हणायची, "अहो, साडेदहाला दोन आहेत, कशाला जायचं?" हजारो मैल पाण्याच्या मधोमध माणसाला उशीर होऊ शकतो, हे मी तिथं पाहिलं. लोक खरोखर घाईघाईनं चालत होते. प्रवाशांचा एक गायकवृंद होता. त्यात हिनं नाव घातलं. घरच्या भजनी मंडळाचा सराव आणि इंग्रजी शब्द पुढच्या बाईकडे बघून. शेवटच्या दिवशी या वृंदाचा जाहीर कार्यक्रम झाला. ऐकणारेही बरेचसे गाणाऱ्यांचे नवरेच होते.

खिडक्यांच्या ओळीत टेबलांवर जिगसॉची कोडी मांडून ठेवलेली. आमच्या वाटेवरच्या टेबलावर व्हेनिसचं चित्र होतं. एक वयस्क इंग्रज बाई पहिल्या दिवशी तिथं बसल्या त्या बसल्याच. गळ्यात भिंग. आभाळाचे तुकडे निळ्याच्या छटांप्रमाणे त्यांनी वेगळ्या ढिगांत लावले होते. जाणारा-येणारा उभ्या उभ्या एखादा तुकडा बसवी, त्या मान हलवून दाद देत, बोलणं नाही. सहाव्या दिवशी चित्र पूर्ण झालं, फक्त आभाळातला एक तुकडा कमी. मग शोधाशोध. संध्याकाळच्या जेवणासाठी काळा कोट आणि बो टाय चढवून निघालेले दोन गृहस्थ गालिच्यावर रांगायला लागले. मीही रांगलो. आमच्या डोक्यावरच्या खिडकीतून भलं थोरलं आभाळ सरकत होतं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तुकडा मिळाला नाही. बाईंनी चित्राकडे एकदा नीट पाहिलं आणि दोन्ही हातांनी ते मोडून डब्यात भरून टाकलं. पुढच्या फेरीच्या लोकांसाठी. मला हळहळ वाटली, त्यांना मुळीच नाही.

नाचाचं दालन हा आणखी एक चमत्कार. दुपारी साडेतीनला तिथं चहा. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी रांगेनं आत येतात, कोणाच्या हातात किटली, कोणाच्या हातात काकडीची सँडविचेस. मंचावर वाद्यं वाजत असतात. रात्री त्याच लाकडी जमिनीवर जोड्या नाचतात. एकट्या आलेल्या बायकांची पंचाईत होऊ नये म्हणून कंपनीनंच नाचणारे पुरुष नेमलेले असतात. साठी-पासष्टीचे, नेटके, बूट चकचकीत. एकीला आणून खुर्चीवर बसवायचं, वाकून आभार मानायचे, दुसरीपुढे हात करायचा. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. "यांचा पगार किती असेल हो?" एवढंच ही म्हणाली.

कुत्र्यांचंही तिथं बरं चाललेलं असतं. बाराव्या डेकवर त्यांच्यासाठी २४ खोल्या आहेत, आणि त्या माणसांच्या खोल्यांच्याही आधी भरतात. त्यांना पाय मोकळे करायला जागा आहे. तिथं इंग्रज कुत्र्यांच्या सोयीसाठी लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि अमेरिकन कुत्र्यांसाठी न्यूयॉर्कचा पाण्याचा बंब रोवलेला आहे. थट्टा नाही.

तारांगणही आहे. खुर्च्यांवर घुमट खाली येतो आणि अंधारात ग्रह-तारे फिरतात. समुद्रावरचं हे पहिलं तारांगण. बाहेर डेकवर मात्र रात्री तारे शोधायला गेलो की बहुधा ढग. एकदाच पाऊण तास आभाळ मोकळं झालं. तेव्हा त्या लांबलचक डेकवर मी आणि सिगारेट ओढणारा एक जर्मन, एवढे दोघंच. बाकीचे आत बिंगो खेळत होते.

समुद्राची आठवण दिवसातून एकदा मात्र सगळ्यांना करून दिली जाई, दुपारी बाराला. भोंगा होई आणि वरून आवाज येई : आपण अमुक अक्षांश-रेखांशावर आहोत, वारा इतका, खाली पाणी चार हजार मीटर. तेवढ्यापुरते चमचे थांबत. पाचव्या दिवशी न्यू फाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं आलं. उत्तरेचा गार लॅब्राडोर प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा ऊबदार गल्फ स्ट्रीम तिथं भेटतात, म्हणून ते तिथलंच. नियमाप्रमाणे दर दोन मिनिटांनी भोंगा वाजायला लागला. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली ती याच भागात. त्या दिवशी दुपारच्या व्याख्यानाला बसायला जागा नव्हती. विषय 'टायटॅनिक' नव्हता, विषय फ्रेंच चित्रकला होता. तरी गर्दी. माणसाला माणसं हवी होती, असा माझा तर्क.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. पश्चिमेला जाताना लंडन आणि न्यूयॉर्कच्या वेळेतला पाच तासांचा फरक विमानासारखा एकदम अंगावर येत नाही. सातपैकी पाच रात्री दोन वाजता घड्याळ तासभर मागं नेतात. असे पाच दिवस पंचवीस तासांचे. उगीच मिळालेल्या या तासाचं करायचं काय, यावर जेवणाच्या टेबलावर गंभीर चर्चा होत. एक गृहस्थ म्हणे तो तास वाचनाला देत. मी झोपलो.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मडगावकडचा निघाला. कोकणी लोकांचं आणि बोटींचं नातं जुनंच. धोबीतलावच्या गोवेकरांच्या क्लबांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी आणि स्वयंपाकी अशाच कंपन्यांच्या बोटींवर चढत आले. पहिल्या दिवशी तो आमच्याशी इंग्रजीत बोलला. हिनं भाताबरोबर लोणचं आहे का विचारलं, तेव्हापासून कोकणीत. "काका, हो तास तुमका कशाक? आमकां तो," तो हसून म्हणाला आणि मग समजावून सांगितलं. न्यूयॉर्ककडे येताना रात्री तास वाढतो, तेवढी झोप मिळते. परत जाताना उलट. दुपारी बाराला घड्याळ एकदम एकवर नेतात, ऐन जेवणाच्या गर्दीत. तो तास कामगारांच्या अंगावरून जातो. प्रवाशांना पत्ताही लागत नाही.

ग्रंथालयात आठ-दहा हजार पुस्तकं आहेत. मराठी अर्थातच एकही नाही. मला तिथं काचेशी बसून आनंदीबाई जोशी आठवत. ७ एप्रिल १८८३ ला त्या कोलकात्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, सोबतीला मिशनरी बायका. जवळजवळ दोन महिन्यांची ती वाट, आणि कार्यक्रमपत्रिका कसली? त्यांना घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाईंचं गाव रोझेल इथून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी १८८६ च्या हिवाळ्यात पंडिता रमाबाई लिव्हरपूलहून निघाल्या. कडेला मनोरमा, पाच वर्षांचीही नाही. हा महासागर त्यांनी हिवाळ्यात ओलांडला. आम्ही मे महिन्यात ओलांडत होतो आणि आमच्या मजल्यावर एकानं उशी बदलून मागितली होती.

शेवटच्या पहाटे चार वाजता अख्खी बोट डेकवर. व्हेराझानो पुलाखालून जाताना धुराडं आणि पूल यांत चार-एक मीटरचंच अंतर राहतं. या पुलाखालून जावं म्हणूनच ते धुराडं बेतून ठेवलेलं आहे. तरी सगळे माना वर करून श्वास धरून उभे. सहा दिवसांत एवढी माणसं बाहेर उभी राहून काही बघताना मी पहिल्यांदाच पाहिली. मग डावीकडे स्वातंत्र्यदेवता आणि तिच्या मागं जर्सी सिटीचे मनोरे. ब्रुकलिनच्या धक्क्यावर जावई गाडी घेऊन आले होते. हॉलंड बोगद्याच्या तोंडाशी रांगेत अडकलो, तसे ते स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागले. "सॉरी हं बाबा, तुमचा दीड तास फुकट गेला."

इथं आल्यावर कळलं, की आम्ही उतरलो तो काठ चुकीचा होता. आमची बोट ज्या कंपनीची, त्या सॅम्युएल कुनार्डच्या बोटी १८४० मध्ये लिव्हरपूल–बोस्टन सुरू झाल्या आणि १८४७ अखेर न्यूयॉर्कची सेवा निघाली. तेव्हा त्यांनी धक्का घेतला तो हडसनच्या या बाजूला, जर्सी सिटीत. आज तिथं काचेच्या इमारती आणि धावणारी माणसं. संध्याकाळी आम्ही नदीकाठी फिरतो. समोर एलिस आयलंड. १८९२ ते १९५४ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास माणसं तिथून आत आली. बेटाचा बराचसा भाग न्यू जर्सीचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये दिला. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना त्या बेटावर जावंच लागत नसे. त्यांची तपासणी बोटीवरच होई. बोटीच्या तळाशी दाटीवाटीनं आलेल्यांनाच तिथं रांगेत उभं करत. त्यांनी ते दिवस कसे घालवले हे तिथल्या संग्रहालयात वाचता येतं. एकेका मजल्यावर शेकडो फळ्या, वारा मिळावा म्हणून पाळीपाळीनं वर यायचं. चित्र काढायला त्यांना कोणी जलरंग दिले नव्हते.

लेक परतीच्या विमानाचं बघत होती. मी म्हटलं, बोटीचंही बघ, पुढच्या महिन्यात जागा असतील. ही भाजी निवडत होती. "बोट नको," मान वर न करता म्हणाली. "जाताना रोज बाराला तास कापतात, त्या पोरानं सांगितलंय. पाच तास कोण देणार परत?"