भामरागडच्या वाळूत

तंबूच्या खुंट्या वाळूत धरेनात, म्हणून दोऱ्या दगडांना बांधल्या. डोंगा ओढून ठेवणारे एक माडिया काका हसले, ‘कायले घर बांधता? असेच झोपा.’ बरोबर होतं त्यांचं. मार्चात इथे तंबू म्हणजे नुसती हौस.

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे एकत्र येतात, पलीकडे छत्तीसगड. ओडिशातून निघालेली इंद्रावती पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. पिण्याचं पाणी थेट धारेतून घ्यायचं नाही, हेही काकांनीच दाखवलं. धारेपासून चार पावलांवर हातानं झिरा उकरला. आधी गढूळ पाणी आलं. ते ओंजळीनं उपसत राहिलो, तशी हळूहळू तळाची वाळू दिसायला लागली. तरी आम्ही ते उकळलंच; शहरी पोटाचा काय भरवसा!

काठावरच्या झाडांत, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, वाळका पाचोळा आणि एक फाटकी चप्पल अडकलेली. गेल्या पुराचं पाणी तिथवर होतं. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो आणि हेमलकशाचा दवाखाना, इतका जवळ असून, नदीपल्याड राहतो. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तर धड रस्ताही नव्हता. काठावर मजेनं पथारी टाकणं आम्हा पाहुण्यांनाच सुचतं.

काका उद्या मोहफुलं वेचायला जाणार आहेत. येता का, म्हणाले. निघायचंय पहाटे अंधारात. हो म्हणून बसलोय खरा.