चौथाईचा हिशेब

हिवाळ्यात मनालीस बर्फ पडला, की सोलंगच्या आणि अटल बोगद्याच्या वाटेवर पोलिसांचा बंदोबस्त बसतो आणि चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचविणाऱ्या, म्हणजे तिकडच्या बोलण्यात ‘फोर बाय फोर’, गाड्यांसच पुढे सोडावे असा हुकूम निघतो. हुकूम रास्त आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुण्या-मुंबईहून नवी कोरी गाडी आणि उदंड उत्साह घेऊन आलेला आमचा प्रवासी त्या हुकमाचा जो अर्थ लावतो, त्याविषयी. पोलिसांनी ज्या गाडीस परवानगी दिली ती गाडी बर्फावर निर्धोक, असा तो अर्थ असतो. वस्तुतः ही गाडी चढावर घसरत बसून मागच्यांची वाट अडविणार नाही, एवढ्याच अपेक्षेने तो हुकूम काढलेला असतो. तीच गाडी परतीच्या उतारावर, समोर एखादी टॅक्सी आडवी झालेली असता, वेळेवर थांबेल किंवा नाही, याविषयी तो संपूर्ण मौन पाळतो.

माझी उमर लष्कराच्या वाहतूक विभागात गेली, आणि तीत गाडी हाकण्यापेक्षा इतरांस हाकावयास शिकविण्याचाच भाग अधिक होता. सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलुखांतून आलेली पोरे माझ्या हाताखाली असत. घाटरस्त्यांत वाढलेली, नजरेने तयार, आणि पहिल्या बर्फावर सर्वांत अधिक गोंधळणारीही तीच. याचे कारण पुढे सांगेन. झोजी ला ही खिंड 3,528 मीटरांवर आहे. हिवाळ्याच्या आरंभी, ती बंद होण्यापूर्वीच्या धांदलीत, आणि पुन्हा वसंतात, सीमा सडक संघटनेने बर्फाच्या दोन भिंतींमधून वाट कापून दिल्यावर, तेथून रसद पलीकडे नेणे हा आमचा मामूल होता. 1948 च्या नोव्हेंबरात याच खिंडीतून सातव्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे वर चढविले गेले, आणि त्यांच्यासाठी बालटालहून वर जाणारी खेचरांची वाट मद्रास सॅपर्सनी रुंद केली, ही हकीकत आम्ही प्रत्येक नव्या तुकडीस सांगत असू. ऐकून पोरांची छाती फुगे. मग आम्ही त्यांस रस्त्यावर नेत असू, जेथे छाती फुगवून काही उपयोग होत नाही.

बर्फावरील सारी विद्या एका हिशेबात सामावते, आणि तो हिशेब समजला नाही तर गाडी कितीही किमतीची असली तरी व्यर्थ. रस्त्यास जेथे टायर टेकतो, ती जागा तळहाताएवढी. त्या जागेतून जी पकड मिळते तिला एखाद्या लहान संस्थानाचा खजिना म्हणावे, ज्यातून गती देणे, वळविणे आणि थांबविणे ही तिन्ही खाती चालवावी लागतात आणि एका खात्याने अधिक उचलले की दुसऱ्याचे त्या प्रमाणात तुटते. कोरड्या डांबरावर हा खजिना भरलेला असतो, म्हणून कोणी जमाखर्च पाहत नाही. दाबून बसलेल्या बर्फावर तो तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर आठव्या हिश्शाच्या आसपास. दोनच चाकांना शक्ती मिळत असेल तर गती देण्याचा सारा खर्च त्या दोन टायरांवर पडतो आणि ते लवकर दिवाळखोर होतात. चारांवर तो वाटला म्हणजे प्रत्येकाकडे सुमारे चौथाई येते आणि वळणासाठी थोडी शिल्लक उरते. फोर बाय फोरचा उपकार तो एवढाच, आणि चढावर तो फार मोठा उपकार आहे.

परंतु थांबविण्याच्या खात्यात या व्यवस्थेने एका कवडीचीही भर पडत नाही, कारण ब्रेक प्रत्येकच मोटारीच्या चारही चाकांना पूर्वीपासून असतात. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, चालकाच्या विचाराचा क्षण सोडून देता, सुमारे आठ मीटरांत थांबते; घट्ट बर्फावर तीस-एक मीटर घेते; गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर साठ मीटरांच्याही पलीकडे जाते. हे आकडे साध्या मोटारीस लागू आहेत तसेच बाजारातील सर्वांत महागड्या जीपलाही. किंबहुना जीपचा भार आणि तिची उंची लक्षात घेता तिचा चालक अधिक संकटात असतो. शिवाय साधी मोटार चढावर घसरू लागून आपल्या मालकास वेळीच शहाणे करते, आणि जीप त्याला निमूटपणे वर नेऊन सोडते.

आता दांड्याविषयी. जुन्या जीप, जोंगा, जिप्सी यांत गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा असे, आणि आजही अनेक गाड्यांत तो किंवा त्याच्या ऐवजी एक बटण असते: टू-हाय (दोन चाके), फोर-हाय (चारही चाके), फोर-लो (चारही चाके, मंद पण जोरदार). या जातीच्या गाड्यांत फोर-हाय घातले की पुढचा व मागचा आस एकमेकांशी जखडले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांस मागच्यांहून मोठा फेरा घ्यावा लागतो, आणि जखडलेल्या आसांना तो फरक मान्य नसतो; तेव्हा कोणत्या तरी चाकाने घसरून तडजोड करावी लागते. बर्फावर ती सहज होते. कोरड्या डांबरावर होत नाही, ताण आतल्या यंत्रणेत पिळून साठतो, सुकाणू जड होते आणि शेवटी दांडा जागचा हलेनासा होतो. अशा वेळी तो दोन्ही हातांनी ओढणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. गाडी सरळ ठेवून हात-दोन हात मागे घ्यावी. पीळ उलगडतो आणि दांडा एका बोटाने सुटतो. फोर-हाय घालावयाचे ते सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात, मागची चाके फिरकत नसताना. फोर-लो गाडी उभी करून, किंवा जवळजवळ उभी असताना. पूर्वीच्या कित्येक गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवावयाचे कुलूप असे, आणि ज्याने ते सकाळी मुक्कामावरच फिरविले नाही त्यास ऐन खिंडीत गुडघाभर बर्फात उतरून फिरवावे लागे. त्याला निराळी शिक्षा देण्याची कधी गरज पडली नाही.

फोर-हाय केव्हा घालावे, याविषयी आमच्यातच दोन पक्ष होते. जुने हवालदार म्हणत, की दोन चाकांवर जावे, घसरण लागली की चार घालावे. म्हणजे रस्त्याचा स्वभाव कळत राहतो आणि अडचणीतून निघण्यासाठी काही हाती उरते. खोल, मऊ बर्फात चढताना या म्हणण्यात अर्थ आहे. तेथे घसरण हळूहळू येते आणि गाडी फार तर रुतते. पण दरीच्या कडेने जाणाऱ्या गोठलेल्या रस्त्यावर पहिली घसरण हीच शेवटची ठरण्याचा संभव असतो, आणि चारही चाके जोडण्याचा अवसर ती देत नाही. म्हणून असा रस्ता लागण्यापूर्वीच चारात यावे असा माझा दंडक राहिला आणि तो मोडण्याचे कारण मला कधी दिसले नाही. मागाहून आलेल्या गाड्यांत संगणक हे काम स्वतः करतो, एक चाक फिरकले की शक्ती दुसरीकडे वळवितो. सोय उत्तम; मात्र तिला आधी एक चाक फिरकावे लागते, हे स्मरणात ठेवावे.

आणखी एक भ्रम डिफरन्शियलविषयीचा. साधे डिफरन्शियल आपल्या दोन्ही बाजूंच्या चाकांस सारखाच टॉर्क देते, आणि म्हणून बर्फावरचे चाक जेवढा पेलू शकते तेवढाच कोरड्यावरच्या चाकासही मिळतो. पुढचे एक व मागचे एक चाक निसरड्यावर आले, की नावाची चार चाकांची गाडी दोन चाके गरगरवीत जागीच उभी राहते. चालक मग ॲक्सिलरेटर अधिक दाबतो. फिरकणारे चाक घर्षणाने बर्फ वितळविते, वितळलेले पाणी पुन्हा गोठते, आणि पाच मिनिटांत त्याने स्वतःच्या श्रमाने आपल्या टायरखाली उत्तम आरसा तयार केलेला असतो. पाय काढावा, हलकासा ब्रेक धरून फिरकणाऱ्या चाकास आवरावे, चाकापुढे वाळू किंवा बुखारीची, म्हणजे तिकडच्या लोखंडी शेगडीची, राख टाकावी, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघावे. राखेची एक गोणी आमच्या प्रत्येक गाडीत असे.

सह्याद्रीत घडलेल्या चालकाची अडचण येथेच होते. वरंध्यात किंवा ताम्हिणीत पावसाळी चिखल लागला, की इंजिन तापते ठेवून, चाके थोडी फिरू देऊन, चिखल खाली कापून घट्ट जमीन गाठावयाची, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. आणि चिखलात ते योग्यच आहे, कारण खाली जमीन आहे. गोठलेल्या रस्त्यावर तो थर कापून खाली जाण्याची सोयच नसते. म्हणून आमच्या मुलांस आधी आलेले विसरावे लागे, जे मैदानातून आलेल्या, घाट न पाहिलेल्या मुलांस विसरावे लागत नसे.

उतार हा खरा परीक्षक. फोर-लोच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, उताराच्या माथ्यावरच गाडी घालून, इंजिनाच्या रोधाने चारही चाकांवर सारखा आवर ठेवीत, ब्रेकवर जवळजवळ पाय न ठेवता उतरावे, ही पद्धत दाबलेल्या बर्फावर नामी आहे. पण तिलाही मर्यादा आहे: काचेसारख्या थरावर फार खालचा गिअर आणि झटक्याने सोडलेला क्लच हे दोघे मिळून चाके जाम करू शकतात, आणि जाम झालेले पुढचे चाक सुकाणूचे ऐकत नाही. आखूड वळणावर जखडलेले आसही गाडीचे नाक बाहेरच्या कडेकडे ढकलतात. तेव्हा वेग वळणाच्या आधी, सरळ भागात, कमी करावा आणि वळणात पाय ब्रेक व ॲक्सिलरेटर या दोन्हींवरून जवळजवळ उचलून ठेवावा. हल्लीच्या गाड्यांत ब्रेक दाबताच पायाखाली खडखडाट होतो; ती एबीएसची क्रिया आहे, भिऊन पाय काढू नये. भुसभुशीत बर्फात मात्र या यंत्रामुळे थांबण्याचे अंतर वाढतेही, कारण जाम झालेले चाक आपल्यापुढे बर्फाचा जो बांध रचते तो येथे रचला जात नाही.

रस्ता वाचणे ही निराळीच विद्या, आणि तिच्यासाठी कोणताही दांडा नाही. हिमाचलात ज्याला पाला जमणे म्हणतात, तो पारदर्शक थर डांबरावर दिसत नाही. रस्ता नुसता ओला भासतो. पुलांवर तो आधी जमतो, कारण पुलास वरून व खालून दोन्हीकडून थंडी लागते; उत्तरेकडे तोंड केलेल्या उताराच्या सावलीत दुपारपर्यंत टिकतो; आणि दिवसा जेथे नाल्याचे पाणी रस्त्यावरून वाहते तेथे रात्री त्याची शिळा होते. टायरांचा खरखर आवाज अकस्मात मंदावला, सुकाणू हलके लागले, म्हणजे आपण त्याच्यावर आहोत. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ सर्वांत दगाबाज. उणे वीस अंशांवर तोच बर्फ टायरास पुष्कळ बरा धरतो, ही गोष्ट नवख्यास खोटी वाटते. म्हणूनच आम्ही अवघड टप्पा कडक थंडीच्या कोरड्या सकाळी ओलांडणे पसंत करीत असू, आणि दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठणारी वाट शक्य तोवर टाळीत असू.

टायर आणि साखळ्या यांविषयी थोडक्यात. आपल्याकडील नेहमीचे टायर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतात. बर्फासाठी केलेल्या टायराचे रबर मऊ राहते. असे टायर घातलेली साधी मोटार थांबण्यात आणि वळण्यात उन्हाळी टायरांच्या जीपला मागे टाकते. साखळ्या चारही चाकांस असाव्यात. केवळ मागे घातल्या तर उतारावर पुढची चाके सरळच निघतात; केवळ पुढे घातल्या तर ब्रेक दाबताच शेपूट फिरते. साखळी चढविल्यावर थोडे अंतर जाऊन ती पुन्हा आवळावी, आणि ताशी 40 च्या आतच राहावे. रात्री गाडी ठेवताना हातब्रेक ओढू नये, तो गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकांस दगड लावावेत.

या हिवाळ्यात उत्तरेस गाडी घेऊन जाणाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंती आहे. निघण्यापूर्वी साखळ्यांचे माप टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि घरच्या आवारात, हातांत जाड मोजे घालून, त्या एकदा चढवा आणि उतरवा. फोर-लोही एखाद्या मोकळ्या मातीच्या जागेत घालून पाहा, काँक्रीटवर नको. ऐनवेळी वाटेत भाड्याने घेतलेली साखळी आपल्या टायरास बसेलच असे नाही, आणि उणे दहात उघड्या बोटांनी तिची कडी लागत नाही.