कर्ता कोठे गेला?

आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला वापरला जाणारा एक मोठा पृथ्वीगोल होता. लाकडी बैठकीवर तिरपा बसवलेला तो निळा गोल बोटाच्या हलक्या स्पर्शानेही फिरू लागे, आणि आम्हां मुलांना सारे जग आपल्या हाती आल्यासारखे वाटे. त्याला हात लावण्याची परवानगी मात्र एकट्या वर्गप्रमुखाला होती. मी आठवीत असताना तो मान माझ्याकडे आला, आणि मानाबरोबर एक कामही आले. वर्गातील मोडतोडीची नोंद रोज एका वहीत इंग्रजीतून करायची आणि संध्याकाळी ती वही मुख्याध्यापकांच्या मेजावर ठेवायची. आम्हांला इंग्रजी लिहिण्याचा सराव व्हावा, हा त्यामागचा हेतू होता.

एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात कोणी नव्हते. हा गोल वेगाने फिरवला तर कसा दिसेल, हे पाहण्याचा मोह मला आवरला नाही. मी तो जोराने फिरवला. बैठक डळमळली आणि गोल मेजावरून खाली कोसळला. उचलून पाहतो तो काय! पॅसिफिक महासागराच्या जागी तळहाताएवढा खड्डा पडला होता. माझ्या छातीत धस्स झाले.

संध्याकाळी मी वही उघडून बसलो. खोटे लिहायचे नव्हते आणि खरे लिहिण्याचे धैर्य होत नव्हते. त्याच आठवड्यात गुरुजींनी आम्हांला इंग्रजीतील कर्मणी वाक्यरचना शिकवली होती. ज्याच्यावर क्रिया घडते त्याला वाक्याच्या आरंभी आणायचे. त्यापुढे 'टू बी' या क्रियापदाचे योग्य रूप ठेवायचे. मग मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप लिहायचे. क्रिया करणारा 'बाय' या शब्दामागून वाक्याच्या शेवटी येतो, आणि त्याची आवश्यकता नसेल तर तो गाळला तरी चालतो, असे गुरुजींनी सांगितले होते.

गाळला तरी चालतो! मला वाट सापडली. मी वळणदार अक्षरांत लिहिले, 'द ग्लोब वॉज ब्रोकन.' गोल मोडला गेला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरीही वही मिटताना माझा हात जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात बोलावणे आले. मुख्याध्यापकांपुढे आमचे वृद्ध शिपाईमामा मान खाली घालून उभे होते. बाजूला इंग्रजीचे गुरुजी बसले होते. मामा हळू आवाजात म्हणत होते, "साहेब, माझ्या हातून गोल पडला नाही. पण खोल्यांच्या किल्ल्या माझ्याजवळ असतात. दुसरा कोणी पुढे येत नसेल, तर माझ्या पगारातून थोडे थोडे कापून घ्या."

मी गाळलेल्या कर्त्याची जागा रिकामी राहिली नव्हती. तेथे एक निरपराध माणूस येऊन उभा राहिला होता.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि ते शांतपणे म्हणाले, "वाक्य छान लिहिले आहेस. आता याचे कर्तरी रूप करून दाखव."

मी लेखणी उचलली; पण ती पुढे सरकेना. कर्तरी वाक्य कर्त्यावाचून सुरू कसे करणार?

"गुरुजी, यात कर्ता दिलेला नाही," मी पुटपुटलो.

"खरे आहे. मग तो कोठे गेला, ते तूच पाहा," गुरुजी म्हणाले.

मी मामांकडे पाहिले. त्यांचे हात थरथरत होते. मग मी खाली वाकून लिहिले, 'आय ब्रोक द ग्लोब.' मी गोल मोडला. आधीच्या वाक्यात इंग्रजी शब्द चार होते आणि याही वाक्यात चारच. परंतु पहिले वाक्य लिहायला मला एक क्षण पुरला होता आणि दुसरे लिहायला पूर्ण एक रात्र गेली होती.

माझे वर्गप्रमुखपद गेले, आणि ते योग्यच झाले. गोल दुरुस्त करण्याचे कामही माझ्याकडे आले. शिपाईमामांनी स्वतः खळ शिजवून दिली, कागदाच्या पट्ट्या कशा डकवायच्या ते दाखवले, आणि पॅसिफिक महासागर आम्ही दोघांनी मिळून बुजवला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

त्यानंतर कित्येक दिवस मी त्या वाक्यरचनेवर रुसून होतो. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले, की दोष रचनेचा नव्हता. इंग्रजीच्या रोजच्या लेखनात ती पदोपदी भेटते आणि बहुधा प्रामाणिकपणे आपले काम करते. औषधाच्या बाटलीवर 'टू बी टेकन आफ्टर मील्स' असे लिहितात. जेवणानंतर घ्यावयाचे, एवढेच तेथे महत्त्वाचे. घेणारा कोण, हे सांगण्याची गरज नाही. प्रयोगवहीत विद्यार्थी लिहितो, 'द वॉटर वॉज हीटेड.' पाणी तापवले गेले. कोणीही तापवले तरी ते उकळणारच, म्हणून तापवणाऱ्याचे नाव नसले तरी बिघडत नाही. आपल्या जन्माविषयी सांगतानाही इंग्रज माणूस 'आय वॉज बॉर्न' अशी कर्मणी रचनाच वापरतो.

मात्र खोदलेल्या रस्त्यावरची पाटी वाचताना मी थबकतो. 'इन्कन्व्हीनिअन्स इज रिग्रेटेड.' गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला जात आहे. खेद होतो आहे खरा. पण तो कोणाला? पाटीवर त्याचा पत्ता नसतो.

मोठमोठी माणसेही या रचनेचा आडोसा घेतात. इराणला शस्त्रे विकल्याच्या प्रकरणावरून अमेरिकेत गदारोळ उठला होता. तेव्हा 27 जानेवारी 1987 रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन तेथील संसदेपुढे म्हणाले, की गंभीर चुका केल्या गेल्या. इंग्रजीत वाक्य कर्मणी होते. चुका होत्या, पण चुकणारा नव्हता. लोकांचे समाधान झाले नाही. पुढे 4 मार्च 1987 रोजी त्यांनी देशाला उद्देशून पुन्हा भाषण केले, आणि आपल्या व आपल्या सरकारच्या कृतींची पूर्ण जबाबदारी मी घेतो, असे सांगितले. या वेळी वाक्यात 'मी' आला होता.

बिहारमधील मोतिहारी येथे 1903 साली जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 साली इंग्रजी लेखनाविषयी एक निबंध लिहिला. जेथे कर्तरी रचना करता येते तेथे कर्मणी रचना कधीही वापरू नये, असा नियम त्यांनी त्यात सांगितला. मला तो नियम थोडा कडक वाटतो. औषधाच्या बाटलीला तो लागू करण्याचे कारण नाही. पण मोडक्या गोलाला तो अगदी चपखल बसतो.

मुलांनो, ही युक्ती फक्त इंग्रजीलाच येते असे मात्र समजू नका. आपल्या मराठीला तर त्यासाठी कर्मणी प्रयोगाचीही गरज पडत नाही. 'दूध सांडले', 'काच फुटली', 'वही हरवली', असे आपण किती सहज म्हणतो! जणू दूध आपण होऊन ओट्यावरून खाली उतरले आणि वही स्वतःच फिरायला गेली.

आता मीही वृद्ध झालो आहे. तरी इंग्रजीत एखादे पत्र लिहिताना 'वॉज' पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले, की माझी लेखणी क्षणभर थांबते. या वाक्यातून मी कोणाला गाळले आहे, आणि गाळलेल्याच्या जागी उद्या कोण उभा राहील? उत्तर मनाला पटले, तरच मी पूर्णविराम देतो.