पिकअप नंतर, आधी तारा

डोंबिवली

चि. चिऊ,


तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. आधी फोनवर, मग हेडफोन लावून. हात लयीत आहे, ते मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ते विकत मिळत नाही. तुझा प्रश्न मात्र विकत मिळणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. नवा बेस घेतलास, रूप जुन्या प्रिसिजनचं, रंग सनबर्स्ट, आणि वाजवल्यावर आवाज येतो तो चरचरीत, आजचा. म्हणून आता तारांची थरथर पकडणारे महागडे 'व्हिंटेज' पिकअप मागवायला निघालीस. जरा थांब. मामाचं एवढं पत्र वाच, मग पैसे कुठे घालवायचे ते ठरव.

लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात फुलर्टनला प्रिसिजन बेस बाजारात आणला 1951 साली. चौतीस इंचांची तार, पडदे बसवलेला नेक, गळ्यात अडकवून उभ्याने वाजवायची सोय. तोपर्यंत बेस म्हणजे माणसाएवढा डबल बेस. तो टॅक्सीत मावायचा नाही, आणि ट्रम्पेटं वाजू लागली की ऐकू यायचा नाही. या नव्या यंत्रावर त्या काळी ज्या तारा चढत, त्या फ्लॅटवाउंड. म्हणजे पोलादी गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली, बोटाला गुळगुळीत. तुझ्या बेसवर कारखान्यातून आल्या आहेत त्या राउंडवाउंड. त्यांना गोल तारेचं वेटोळं असतं, खरखरीत आणि चमकदार. त्यांचं पर्व आलं साठच्या दशकाच्या मध्यावर. इंग्लंडात द हू या बँडच्या जॉन एन्टविसलला पियानोच्या खर्जासारखी खणखण हवी होती, आणि रोटोसाउंडने त्याच्यासाठी तशा तारा केल्या. तो आवाजही थोर आहे, पण तुला हवा असलेला तो नव्हे. तू ज्या रेकॉर्डींच्या प्रेमात पडलीस त्यांतल्या बहुतेक डेट्रॉइटच्या आहेत, आणि तिथे चपट्या ताराच होत्या.

डेट्रॉइटचं नाव निघालं की जेम्स जेमर्सनपाशी थांबावंच लागतं. 2648 वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या पत्त्यावरचं एक साधं घर, त्यात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ ए. वादक त्या खोलीला 'स्नेकपिट' म्हणत. 1959 ते 1972 या काळात मोटाउनची ढिगाने गाणी तिथे झाली आणि त्यांतल्या मोठ्या वाट्याचा बेस जेमर्सनचा. त्याचा बेस होता 1962चा प्रिसिजन. तारा ला बेलाच्या, चपट्या आणि भलत्याच जाड. त्या संचातली सर्वांत बारीक तार 0.052 इंचाची, सर्वांत जाड 0.110ची. तारा पडद्यांपासून चांगल्या उंच ठेवलेल्या, कारण माणूस मुळात डबल बेसवाला. उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट वापरायचा. आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तारांवर साचलेल्या मळातच आवाज आहे असं त्याचं मत होतं. मला ते मत मान्य आहे, तुझ्या आईला स्वच्छतेच्या कारणास्तव मान्य होणार नाही.

मळ म्हणजे काय, तर वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि धूळ बसते, तार थोडी जड आणि बोथट होते, वरचे सूर लवकर मरतात. चपट्या तारेत ते सूर मुळातच कमी. उरतो तो मूळ स्वर आणि त्याच्या लगतचे दोनचार. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज 'भरला'. प्रत्यक्षात आपण त्यातून काढून घेतलेलं असतं.

आता मोटाउनच्या आवाजातली जी गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही ती. जुन्या प्रिसिजनवर क्रोमची दोन झाकणं असत, एक पिकअपवर, एक ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे. ब्रिजवरच्या झाकणाला वादक 'ॲशट्रे' म्हणतात. ते हाताला टोचतं म्हणून बहुतेकांनी काढून फेकून दिलं, आणि त्याबरोबर त्याच्या आत चिकटवलेली फोमची पट्टीही गेली. ती पट्टी तारांना ब्रिजपाशी हलकी टेकलेली असायची. जेमर्सनने झाकणं ठेवली, फोमही ठेवला, आणि उरलेली बोटं पिकअपच्या झाकणावर टेकून वाजवत राहिला. तू लहानपणी तबला शिकलीस म्हणून एवढंच सांगतो: डग्ग्यावर मनगट टेकवलं की 'घे'ची गुंज जशी आवरली जाते, तसं हे आहे. स्वर उठतो, आपलं काम करतो आणि पुढच्या स्वराला जागा देतो. बेसचा जुना आवाज म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं निम्मं श्रेय या आखूडपणाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. पिकअपवाला हे तुला सांगणार नाही, कारण फोम विकून त्याचं भागत नाही.

हीच गोष्ट लॉस एंजेलिसला कॅरोल के वेगळ्या मार्गाने करत होत्या. बाई मूळच्या गिटारवादक. 1963 साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून बेस हाती घेतला आणि पुढे त्या शहरातल्या सर्वांत मागणी असलेल्या बेसवादकांपैकी एक झाल्या. त्या बोटाने नाही, पिकने वाजवत, आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा बसवत. पिकचा टणक आघात आणि लगेच दबलेला स्वर. जेमर्सनपेक्षा अगदी वेगळी चाल, तरी दोघांचंही स्वर आवरण्याकडे सारखंच लक्ष. पिक वापरणं कमीपणाचं असं तुझ्या बँडमधला कुणी म्हणाला, तर त्याला कॅरोल के ऐकायला दे.

घरी एकटी बसून वाजवशील तेव्हा हा आवाज तुला आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ठोंब्या वाटेल. खालच्या मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे 41 हर्ट्झचा. तुझ्या फोनच्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. कान वरच्या पटींवरून, 82, 123 वगैरेंवरून, तो खालचा स्वर स्वतःच जुळवतो. म्हणून खर्जाचा नॉब पूर्ण पिळून काही मिळत नाही, फक्त खोली गुरगुरते आणि ड्रमवाल्याच्या किकशी भांडण होतं. मधल्या सुरांचा नॉब थोडा वर कर, अगदी वरचे उतरव, आणि मग ड्रम आणि गिटारसकट ऐक. एकटा असताना बोथट वाटणारा बेस गाण्यात नेमका बसतो. एकटा असताना देखणा वाटणारा मात्र गाण्यात झांजांच्या आड हरवतो. मोटाउनवाले तर गाणं कारच्या छोट्या स्पीकरवर कसं लागेल हे बघत, कारण गिऱ्हाईक तिथे होतं.

अँपची चिंताही सोड. जेमर्सन क्लबात अँपेगचा बी-15 वापरायचा, पंधरा इंचांच्या एका स्पीकरचा, आजच्या मानाने अगदी किरकोळ ताकदीचा. तो छानच. पण मोटाउनच्या स्टुडिओत बेस थेट मिक्सरमध्ये जात असे, तिथल्या इंजिनिअरांनी बनवलेल्या डीआयमधून, म्हणजे बेस सरळ मिक्सरला जोडणाऱ्या डब्यातून. तुझ्याकडे डीआय बॉक्स आहे. झालं.

पिकअपबद्दल आता बोलतो, म्हणजे मामाने टाळलं असं नको. पहिल्या प्रिसिजनचा पिकअप सरळ, एका कॉइलचा होता. 1957 साली तो दोन तुकड्यांत आला, दोन तारांना एक तुकडा, उरलेल्या दोघींना दुसरा, आणि प्रत्येक तारेखाली एकाऐवजी दोन चुंबकं. दोन तुकड्यांची जोडणी अशी की दोन्हींतली विजेची घरघर एकमेकींना मारते, आणि दोन चुंबकांमुळे तारेचा पहिला तडाखाही मऊ होतो. तुझ्या बेसवर तीच रचना आहे. त्यातल्या तांब्याच्या वेढ्यांत फरक असतो, नसतो असं नाही. पण तारा आणि फोम बदलल्यावर जो फरक पडेल त्याच्यापुढे तो फार लहान आहे. शिवाय पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर आवाज टोचतो. खर्च न करता दोन स्क्रू फिरवून तो खाली घे आणि ऐक. टोनचा नॉब तर कुणी फिरवतच नाही! या जुन्या रचनेत बॅटरी नसते, त्यामुळे तो नॉब काही वाढवत नाही, नुसता वरचे सूर जमिनीत सोडतो. निम्म्यावर आण. लाकूड ॲल्डर की ॲश, वार्निश कुठलं, या वादात रात्री घालवणारे पुष्कळ आहेत, त्यांना घालवू दे.

तुझ्या मैत्रिणीकडे जॅझ बेस आहे म्हणालीस. ते मॉडेल 1960 साली आलं, दोन पिकअपांचं. दोन्ही पूर्ण उघडले की घरघर जाते, पण मधला आवाज खचतो. ब्रिजकडचा थोडा कमी केला की आवाज पुढे येतो. थोडी घरघर येईल, ती सोसायची.

जेमर्सनचं नाव त्या रेकॉर्डींवर बरीच वर्षं नव्हतं. मार्व्हिन गेच्या 1971च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर मोटाउनने वादकांची नावं छापली, तोवर लोक नुसतेच त्याच्या बेसवर नाचले. आपल्याकडे काय वेगळं होतं? संगीतकार पंचमच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? सिनेमाच्या पडद्यावर गीतकार, संगीतकार, गायक, एवढंच. जेमर्सन 1983 साली गेला, आणि त्याच्या थोडं आधी तो 1962चा बेस चोरीला गेला. त्या लाकडातच जादू असती तर ती त्याच्याबरोबर संपली असती. अजून लोक चपट्या तारा लावून, फोम घालून, एका बोटाने, त्या आवाजाच्या बरेच जवळ जातात.

आता कामाचं. एकदम ला बेलाच्या जाड संचाकडे जाऊ नकोस, तुझी बोटं आणि बेसचा नेक दोघंही रडतील. मध्यम जाडीच्या फ्लॅटवाउंड घे. त्या महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात, आणि आपल्याकडच्या घामात राउंडवाउंडची चमक किती भरभर जाते ते तू बघितलंच आहेस. नवा ताण आला की नेक पुढे वाकेल. पहिला पडदा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथला पडदा, दोन्ही दाबून धर. मध्ये, सातव्याआठव्या पडद्यावर, तार आणि पडद्याच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. जास्त फट असेल तर नेकच्या आतला ट्रस रॉड पाव फेराच घट्ट कर, एक रात्र जाऊ दे, मग पुन्हा बघ. पावसाळ्यात लाकूड ओल घेतं, तेव्हा हे परत करावं लागेल. नेकच्या वरच्या टोकाला असलेल्या नटच्या खाचेत जाड तार अडकत असेल तर ती स्वतः कानशीने घासू नकोस, तेवढं कारागिराकडे ने.

मग पुढचं रेकॉर्डिंग पाठव. ड्रमसकट. एकटा बेस पाठवलास तर ऐकणार नाही.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. फोम कुठलाही चालेल, पण जुन्या खोक्यांतल्या पॅकिंगचा नको. तो काही काळाने चिकट होतो, त्याचा चुरा पडतो आणि ब्रिजच्या स्क्रूंत जाऊन बसतो. नवा, जरा दाट फोम घे आणि तारांखाली ब्रिजला लागून सरकव. तारा वर उचलल्या जाणार नाहीत इतकाच जाड असू दे. एखादं संथ गाणं असेल, स्वर लांबवायचा असेल, तर तेवढ्यापुरता काढून ठेवायचा.