मुंग्या

गेल्या जूनमध्ये माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या आणि मी डॉक्टरच्या आधी गुगल गाठलं. पंधरा मिनिटांत निदान तयार: कार्पल टनेल सिंड्रोम. दिवसाला दहा तास कीबोर्ड, त्यात रिलीजचा आठवडा. दुसरं काय असणार?

मनगटात हाडांची एक खोबण असते आणि तिच्यावर जाड पट्टा ताणलेला असतो. त्या बोगद्यातून बोटं मिटवणारे नऊ टेंडन आणि एक नस जाते, मीडियन नर्व्ह. आत जागा कमी पडली की नस दबते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका बधिर होते. करंगळी नाही, कारण तिची नस वेगळ्या वाटेने येते. करंगळीचा हा मुद्दा मी वाचला होता आणि सोयीस्करपणे सोडून दिला होता.

टेस्टही घरीच केल्या. फॅलन टेस्टमध्ये दोन्ही हातांची मागची बाजू एकमेकांना टेकवून, बोटं खाली करून, मनगटं साठ सेकंद वाकवून धरायची. काही झालं नाही. टिनेलमध्ये मनगटाच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक करायची. झण्णकन बोटांत करंट! दोनातली एक टेस्ट फेल, म्हणजे बिल्ड फेल. मी रूममेटला सांगून टाकलं की माझं करिअर संपलं.

पुण्यातल्या डॉक्टरबाईंनी हाताला हात लावण्याआधी एक कागद पुढे सरकवला. त्यावर हाताचं चित्र होतं. "मुंग्या येतात तेवढाच भाग रंगवा." मी सांगत आलो होतो 'सगळा हात', पण पेन हातात घेतल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका एवढंच रंगवलं गेलं.

"आता कोपर दाखवा," त्या म्हणाल्या.

खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकवून काम करायचं आणि रात्री तेच कोपर दुमडून तासभर फोन बघायचा. दबत होती ती कोपरातली नस. मी तरी हट्टाने विचारलं, "पण टिनेल पॉझिटिव्ह आली ना?" त्या हसल्या. "एवढ्या जोरात ठोकली तर माझीही येईल."

मग मी वाचत सुटलो. जूल टिनेल हा फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या तुटलेल्या नसा पुन्हा वाढतायत का, हे बघायला त्याने 1915 मध्ये ही टकटक सांगितली. मनगटातल्या बोगद्याशी तिचं नातं नंतर जोडलं गेलं. फॅलन हा अमेरिकन सर्जन. त्याची टेस्ट 1950 च्या दशकात रुळली. 1991 मध्ये डर्कनने आणखी सरळ मार्ग काढला: अंगठ्याने थेट त्या बोगद्यावर अर्धा मिनिट दाब द्यायचा. सगळ्यांत भानगड एकच, आणि ती प्रॉडक्शनचे अलर्ट सांभाळणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. अलर्ट फार हळवा ठेवला तर उगाच रात्री उठवतो, आणि बधिर ठेवला तर सर्व्हर पडला तरी गप्प बसतो.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट तरी पक्की असेल असं मला वाटलं होतं. नसेला छोटे शॉक देऊन सिग्नल पोचायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजतात. चक्क लेटन्सी! हात गार असेल तर सिग्नल हळू जातो, म्हणून टेक्निशियनने आधी माझा हात गरम पाण्यात बुडवून ठेवला. मनगटातलं माझं सगळं नॉर्मल निघालं. पण ही टेस्ट मोजते नसेतले जाड, वेगवान तंतू. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. त्यामुळे खरोखर त्रास असलेल्या काहींचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि काही तक्रार नसलेल्या काहींचा बिघडलेला. म्हणजे ज्या पट्टीने बाकीच्या टेस्ट मोजायच्या, तीच पट्टी थोडी वाकडी.

दिवाळीला सांगलीला गेलो तेव्हा हे सगळं ज्ञान आईला ऐकवत होतो. आई पंचवीस वर्षं घरी पिको-फॉल करते. पिको मशीनवर, पण फॉल हातानेच, टाका टाका घालून. गंमत म्हणून म्हटलं, चल, तुझी फॅलन करू. मनगटं वाकवून दहा सेकंद झाली नसतील, तिने हात सोडवून घेतला आणि झटकला.

"अगं, काय झालं?"

"काही नाही रे. हे रोजचंच आहे."

तो झटका बघितला आणि मी गप्पच झालो. लहानपणी रात्री जाग आली की अंधारात आईच्या बांगड्या वाजायच्या. ती डास हाकलतेय असं मला वाटायचं. झोपेतून उठून हात झटकणं याला फ्लिक साइन म्हणतात, हे मी चारच महिन्यांपूर्वी वाचलं होतं. वाचताना आई आठवली नव्हती.

मग टिनेल केली. टकटक, टकटक. काहीच नाही. एकदा वाटलंही, चला, निगेटिव्ह आहे. तेवढ्यात तिच्या उजव्या अंगठ्याचा बुंधा दिसला. तिथे जो मांसल उंचवटा असतो, त्या जागी खळगा पडला होता. नस इतकी थकली होती की टकटकीला उत्तर द्यायलाही तिच्यात काही उरलं नव्हतं. माझी टिनेल पॉझिटिव्ह होती आणि मनगट धडधाकट. तिची निगेटिव्ह, आणि हात हा असा.

मिरजेला दाखवलं. शुगर, थायरॉइड तपासून झालं. नर्व्ह कंडक्शनमध्ये उजव्या हाताच्या बोटांतून सिग्नल आलाच नाही. रिपोर्टवर त्या जागी आकडाच नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशनने मुंग्या थांबतील, पण गेलेला स्नायू पूर्ण भरेल याची खात्री नाही. "आधी का नाही आलात?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "दुखत नव्हतं ना तेवढं." सुई हातातून पडायला लागल्यापासून ती जाड सुई वापरत होती, हे मला तिथे बसून कळलं.

जानेवारीत उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, नुसता हातच बधिर करून. त्या हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या होत्या, त्या मी शर्टाच्या खिशात ठेवल्या.

डाव्या हाताची तारीख मे महिन्यातली आहे. गेल्या शनिवारी घरी होतो. रात्री अडीचच्या सुमाराला बांगड्या वाजल्या. मी उठून गेलो, पट्टा शोधला आणि तिच्या मनगटाला बांधला. "झोप रे," ती म्हणाली, "सकाळी तुझी बस आहे."