दान आपल्या वाट्यातलं

पुणे,
ज्येष्ठ वद्य द्वादशी

चि. बाळीस,


तुझं पत्र पोचून आठवडा झाला. पालख्यांच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला नाना पेठेतल्या रस्त्याकडेलाच मिळालं, त्यामुळे उशीर झाला ते बरंच झालं.

छापखाना काढून तुला अजून वर्षही झालेलं नाही. बँकेचे हप्ते चालू आहेत. अशात एका संस्थेची मंडळी रौप्यमहोत्सवी स्मरणिका घेऊन आली आहेत. ६४ पानं, १००० प्रती, सगळं विनामूल्य आणि बदल्यात मलपृष्ठावर तुझ्या छापखान्याचं नाव. संस्था चांगलं काम करते हे तू पाहिलं आहेस, म्हणून नाही म्हणवत नाही. आणि हो म्हणायचीही छाती होत नाही. "मामा, लहान धंदेवाल्यानं आपलं काम असं दान करावं का?" असं तू विचारतेस.

करावं, बाळ. पण जे आपलं आहे तेवढंच द्यावं. लहान धंद्यात आपलं किती आणि दुसऱ्याचं किती, हे पटकन कळत नाही. सगळा गोंधळ तिथेच होतो.

परवा निवडुंग्या विठोबाच्या बाजूला एक नाभिक बांधव पदपथावर खुर्ची टाकून बसले होते. वारकऱ्यांची दाढी, केस, सगळं विनामूल्य. शेजारी एक चर्मकार वहाणांचे तुटलेले अंगठे शिवत होते. पुण्यात पालखीच्या मुक्कामात हे दृश्य दरवर्षी दिसतं, पण या खेपेला तुझं पत्र खिशात होतं, म्हणून मी थांबलो. विचारलं, दुकानाचं काय? म्हणाले, "दोन दिवस बंद. हाताखालच्या पोराला पगारी सुट्टी दिली. त्याला इथं यायचं तर यावं, नाही तर घरी जावं." पोरगा आला होता. पाणी तापवत होता.

तिथेच उभा राहून मी त्या दानाचा विचार केला. हात त्यांचे, वस्तरा त्यांचा, बुडालेली दोन दिवसांची कमाईही त्यांचीच. पोराच्या पगाराला धक्का नाही. कुणी मागायला आलं नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी दुकान उघडणार हे आधीच ठरलेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला माझ्या एका मोठ्या दानात कधी मिळाला नाही. ती गोष्ट तुला आजवर सांगितलेली नाही, आता सांगतो.

१९९३ साल. माझ्या छापखान्यात तेव्हा खिळ्यांची जुळवणी होती. अशाच एका संस्थेची स्मरणिका मी फुकट छापून द्यायचं कबूल केलं. काम भाद्रपदात आलं. मजकूर तुकड्यातुकड्यानं येत राहिला. प्रुफं चार-चार वेळा परत आली, कारण दुरुस्तीला पैसे पडत नव्हते आणि कुणाला घाई नव्हती. जुळवलेली पानं सोडता येईनात, त्यामुळे खिळे अडकून पडले. दिवाळीच्या तोंडावर येणारी पैशाची कामं मी लांबवली, त्यातली दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. धनत्रयोदशीला जुळाऱ्यांच्या हातावर मी अर्धाच पगार ठेवला. आपले सगळ्यांत जुने जुळारी पैसे मोजून शांतपणे म्हणाले, "दान तुम्ही दिलंत मालक, पण माझ्या पोरांच्या कपड्यातनं दिलंत." मी काही बोलू शकलो नाही. प्रकाशन समारंभात मला शाल मिळाली. ती मी कधी अंगावर घेतली नाही.

म्हणून आधी कागद-पेन्सिल घेऊन बस. डेमी अष्टपत्री आकार धरलास तर १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे ६४ पानांचे ४ फर्मे. दर फर्म्याला १००० ताव म्हणजे २ रीम, एकूण ८ रीम. त्यावर वाया जाणारे ताव आणि मुखपृष्ठाचा जाड कागद वेगळा. दोन्ही बाजू धरून एकरंगी छपाईला ८ प्लेटा. चार रंग म्हटले की ३२. मग शाई, वीज, शिलाई, कटिंग, मशीनवरच्या दादांचा पगार, बाइंडिंगच्या ताईंची मजुरी. यातलं तुझं काय? कागद व्यापाऱ्याचा, तोही उधारीवर. मशीन अजून बँकेचं. दादांचे आणि ताईंचे दिवस त्यांचे स्वतःचे. तुझ्या म्हणाव्यात अशा गोष्टी एवढ्याच: तुझी मांडणी, तुझी नजर, रात्री बसून केलेली तुझी मेहनत आणि वर सुटणारा थोडा नफा. तेवढंच तुला देता येईल. ते कमी नाही. पानाची नेटकी मांडणी बाहेर पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

आपल्या भाषेत फुकटच्या कामाला एक जुना शब्द आहे, वेठ. पाटलाचा, मामलेदाराचा निरोप आला की हातातलं काम टाकून राबायला जायचं, आणि हे राबणं आलं ते खालच्या मानलेल्या जातींच्याच वाट्याला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ही चाल मोडली आणि पुढे राज्यघटनेच्या २३व्या कलमानं वेठबिगारीवर बंदीच घातली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितलं की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. तुझ्याकडे आलेली माणसं भली आहेत, त्यांना मी त्या पंक्तीला बसवत नाही. पण भिडेपोटी दिलेला होकार मनाला वेठीसारखाच लागतो. आणि 'वेठ वळणं' म्हणजे काय, हे तुझ्या आजीच्या तोंडून तू ऐकलं आहेस: काम कसंतरी उरकून टाकणं. आपल्या पूर्वजांना अनुभवानं कळलं होतं की नाइलाजानं केलेल्या कामात जीव ओतला जात नाही. नाही म्हणायची मोकळीक असेल, तरच दिलेल्याला दान म्हणता येतं.

कायदाही मोठ्यांकडून दान मागताना आधी नफा बघतो. २०१३च्या कंपनी कायद्यात सामाजिक कामाचं बंधन आहे, पण वर्षाला ५ कोटींचा निव्वळ नफा किंवा १००० कोटींची उलाढाल अशा थोराड कंपन्यांना. आणि तेही मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. ज्यांच्याकडे कोटी आहेत त्यांनासुद्धा आधी कमाव आणि मग ठरलेला वाटा दे, असंच सांगितलं आहे. तुझ्या छापखान्याचं तर पहिलंच वर्ष अजून भरायचं आहे. शिवाय आयकरात देणगीची सूट मिळते ती पैशाच्या देणगीला. श्रमाला किंवा वस्तूला मिळत नाही. फुकट वाटलेल्या मालासाठी कागदावर भरलेला जीएसटीही वळता करून घेता येत नाही. सवलतीसाठी दान करावं असं मी म्हणत नाही. फुकट दिलेल्या कामाचा बोजा तुला वाटतो त्याहून जड असतो, एवढं ध्यानात ठेव.

आणखी एक माणूस या हिशेबात आहे, तो तुला दिसत नाही. गेली काही वर्षं या संस्थेचे अहवाल आणि पावतीपुस्तकं कुणीतरी छापत असेल. तुझ्यासारखाच एक मशीन आणि दोन माणसांवर चालणारा. तू फुकट केलंस की त्याचं काम गेलं. पुढच्या वर्षी तू पैसे मागितलेस की संस्था तिसऱ्याला शोधणार. यात संस्थेचंही भलं नाही. छपाईला काय पडतं हे तिच्या जमाखर्चात कधी दिसतच नाही, मग त्यासाठी तरतूद कशी होणार? धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबात छपाईचा खरा आकडा असू दे. देणगीदारांनाही कळू दे की काम उभं करायला काय लागतं.

तेव्हा माझ्या मते असं कर. संस्थेच्या मंडळींना चहाला बोलाव आणि सगळा हिशेब त्यांच्यापुढे मांड. कागद त्यांनी आणावा. गावात एखादा दाता कागदासाठी सहज मिळेल. प्लेटा, मजुरी आणि बाइंडिंगचे पैसे आगाऊ घे. मांडणी आणि नफा तुझ्याकडून. बिल मात्र पूर्ण दराचं कर आणि त्यातच तुझी सूट आकड्यात दाखव, म्हणजे तू काय दिलंस ते दोघांच्याही वहीत राहील. मजकूर एकदम यावा, प्रुफं दोनदाच, तारीख ठरलेली, हे लिहून घे. हे ऐकून ती मंडळी दुखावली, तर त्यांना तुझी सेवा नको होती, फुकटची छपाई हवी होती. मला वाटतं, ती समजून घेतील. हिशेब ठेवून संस्था चालवणाऱ्याला हिशेब कळतो.

आणि वर्षातलं एक काम स्वतः होऊन निवड. त्या जुळाऱ्यांच्या शब्दानंतर मी काय केलं, ते सांगतो. कटिंगला उरणाऱ्या कागदाच्या पट्ट्या मी रद्दीत घालणं थांबवलं. वर्षभर त्या साठवायच्या आणि जूनच्या पहिल्या रविवारी, मशीन बंद असताना, मी आणि तुझी मामी त्यांच्या कच्च्या वह्या बांधायचो. जवळच्या महापालिकेच्या शाळेत नेऊन द्यायचो. कधी शंभर, कधी सव्वाशे. पहिल्याच वर्षी ते जुळारी न बोलावता आले आणि दोरा ओवायला बसले. त्यांच्या मुलालाही बरोबर आणलं होतं.

तुझ्याकडेही पट्ट्या साठत असतील. त्या विकू नकोस. पुढच्या जूनला मी सांगलीला येतो. टोचा आणि दोरा मी घेऊन येईन.

दादांना आणि ताईंना माझा नमस्कार सांग. त्यांचा या महिन्याचा पगार वेळेवर झाला का, ते कळव.

तुझा,
मामा