दोन ओळींमधली जागा

एक साधा प्रश्न. होस्टेलच्या बोर्डावर लागलेली मराठी सूचना शेवटची कधी तुम्ही पूर्ण वाचली? बहुतेक जण पहिली ओळ वाचतात आणि शेजारच्याला विचारतात, "काय म्हणतायत रे?" माझ्यासारखी कॉन्व्हेंटवाली असेल तर वरून टोमणा, "तुझं मराठीच कच्चं!"

आता माझं मराठी हळू चालतं, हे खरंच आहे. पण माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, कादंबऱ्या उशाशी घेऊन झोपते. तीसुद्धा त्या सूचना वाचत नाही! तेव्हा म्हटलं, भानगड भाषेत नाही, पानात आहे.

माझ्या गावाचंच नाव घ्या ना. वैजापूर. 'व'च्या डोक्यावर दोन मात्रा, 'प'च्या पायाशी दीर्घ ऊकार. म्हणजे आमचं गाव कागदावर तीन मजली आहे! मधल्या मजल्यावर अक्षर, माडीवर मात्रा, रफार, अनुस्वार आणि तळघरात उकार. मजकूर एकाच पानात कोंबण्यासाठी ओळी घट्ट केल्या, की वरच्या ओळीचं तळघर खालच्या ओळीच्या माडीत घुसतं. मग उकार कुठला आणि मात्रा कुठली, हे डोळ्यांना निवडत बसावं लागतं. म्हणून मराठीला दोन ओळींत इंग्रजीपेक्षा थोडी जास्त जागा लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा किंचित जास्त अंतर ठेवून बघा, पान श्वास घेतं.

दुसरी गोष्ट आपल्या लांबलचक शब्दांची. इंग्रजीत जिथे तीन-चार सुटे शब्द येतात, तिथे आपण 'होस्टेलमधल्यांसाठीसुद्धा' असा एकच रेल्वेगाडीसारखा शब्द लिहितो. अरुंद रकाना असेल आणि दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट असेल, तर अशी गाडी पुढच्या ओळीत जाते आणि मागे उरलेल्या तीन शब्दांत खड्डे पडतात. त्यापेक्षा डावी कड सरळ ठेवावी, उजवी वेडीवाकडी राहिली तर राहू द्यावी.

तिसरी गोष्ट शिरोरेषेची. इंग्रजी शीर्षकात अक्षरं लांब लांब ठेवली की छान दिसतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिवाय सगळं ठळक करायची सवय! बारीक ठळक टाइपातल्या 'क्ष' आणि 'द्ध'च्या पोकळ्या झेरॉक्सच्या दुसऱ्या कॉपीतच बुजतात. सबमिशनच्या आदल्या रात्री नोट्स वाचणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

यात आपल्या लोकांनी केलेलं काम मोठं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथले देवनागरी टाइप नावाजले गेले. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी केला. ते आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवत. मुंबईच्याच 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फॉन्ट फुकट मिळतो. मराठीचे 'ल' आणि 'श' कसे असावेत, हेही राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगितलं आहे. काही फॉन्टमध्ये तर दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली, की मराठी वळण आपोआप येतं. एवढं सगळं हाताशी असताना आपण एका क्लिकचाही आळस करतो!

आता म्हणाल, एवढं काय त्यात? आमच्या आजीचं उदाहरण सांगते. पोथी ती खडाखडा वाचते, कारण पोथीचा टाइप मोठा आणि सुटसुटीत. पण घरी लग्नपत्रिका आली की, "अगं माय, ह्या मुंग्या कोण वाचणार?" म्हणून माझ्याकडे सरकवते. पत्रिकेत काका, मामा, आत्या, झाडून सगळं भावकीचं गाव उभं असतं आणि मुहूर्त शोधायला भिंग लागतं. मग आजी आणि मी, एक डोळ्यांनी थकलेली आणि एक मराठीत अडखळणारी, दोघी मिळून ती पत्रिका लावतो.

यातूनच मला एक कळलं. पान कोंदट असलं तर ज्याचं वाचन पक्कं आहे तो कसाबसा पार होतो. गळतात ते आजीसारखे आणि माझ्यासारखे, म्हणजे काठावरचे. आणि एकदा गळलेला माणूस "मला मराठी जमत नाही" असं स्वतःलाच सांगून मोकळा होतो. माझ्या वर्गातले कितीतरी जण असेच मोकळे झालेत. मराठी दिनाच्या भाषणांनी ते परत येतील असं मला वाटत नाही. एखादं स्वच्छ, मोकळं पान हाती पडलं तर मात्र येतीलही.

तेव्हा गॅदरिंगचं पत्रक असो, मेसचा मेनू असो की प्रोजेक्टचा मराठी सारांश, प्रिंटची आज्ञा देण्याआधी कागद हातभर लांब धरा आणि डोळे किंचित मिटून बघा. नुसता काळा ठोकळा दिसला, तर निम्मा मजकूर काढून टाका आणि उरलेल्याला ऐसपैस बसू द्या. कागदाचा खर्च वाढला तर मेसच्या चहात एक कप कमी घेऊ!